रेडिएटरचे संक्षारण व पाण्याची प्रत

मोटारगाडीच्या एंजिनातील उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्यातील विरघळलेले वायू, लवणे व अम्ले यांच्यामुळे रेडिएटरच्या व त्यास जोडलेल्या भागांच्या धातूंचा जो विद्युत् रासायनिक ऱ्हास होतो त्यास रेडिएटरचे संक्षारण म्हणतात. व्यवहारात त्यास ‘रेडिएटर गंजणे’ किंवा ‘रेडिएटर कुजणे’ असे म्हटले जाते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते किंवा पिण्यास गोड लागते, एवढ्यावरून ते रेडिएटरला योग्य आहे असे ठरत नाही. डोंगरातील झऱ्याचे निर्मळ पाणी लोखंड गंजवू शकते, विहिरीचे चवदार पाणी नळ्यांत पुटे धरू शकते आणि किंचित मचूळ पाणी ॲल्युमिनियमाच्या पातळ नळीस आरपार छिद्र पाडू शकते. या तिन्ही प्रकारांची पाणी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत थोड्या अंतरात आढळतात. शिवाय तेथील रस्ते सह्याद्रीच्या घाटांनी चढतात. त्यामुळे पाण्याची प्रत व रेडिएटरचे आयुष्य यांचा संबंध समजून घेण्यास हा प्रदेश सोयीचा आहे.

शीतन प्रणाली : एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णतेचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. जवळजवळ तितकीच उष्णता निष्कास वायूंबरोबर निघून जाते व उरलेली बहुतेक उष्णता सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत खेळणाऱ्या पाण्याला मिळते. पंपाच्या साहाय्याने हे पाणी रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत येते. नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पंखिकांवरून वाहणाऱ्या हवेला उष्णता देऊन ते थंड होते व पुन्हा एंजिनात जाते. एंजिन चालू असताना पाण्याचे तापमान सामान्यतः ८०° ते ९५° से. असते.

रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंगयुक्त झडपेमुळे प्रणालीत वातावरणापेक्षा अधिक दाब राहतो. हा जादा दाब दर चौ. सेंमी.स ०.९ किग्रॅ. असल्यास पाणी सु. ११८° से. तापमानास उकळते. झाकण सैल असल्यास किंवा त्याऐवजी साधे बूच लावल्यास हा लाभ नाहीसा होतो. समुद्रसपाटीपासून सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वर येथे उघड्या भांड्यातील पाणी सु. ९५·५° से. तापमानासच उकळते. म्हणजे घाट चढताना एंजिनाची उष्णता वाढत असते, तर बिघडलेल्या झाकणाच्या गाडीत पाण्याचा उकळबिंदू खाली येत असतो. अशा गाडीतील पाणी वाफ होऊन जाते व वाटेत मिळेल ते पाणी भरावे लागते.

संक्षारणाची क्रिया : शीतन प्रणालीत अनेक धातू एकाच पाण्याच्या संपर्कात असतात. सिलिंडर ठोकळा बहुधा बिडाचा, सिलिंडर शीर्ष बिडाचे किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, पंपाचा दंड पोलादाचा आणि जुन्या पद्धतीच्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या, पंखिका तांब्याच्या व जोड शिसे आणि कथिल यांच्या डाखाचे असतात. १९७०–८० च्या दशकांपासून मोटारगाड्यांत ॲल्युमिनियमाच्या नळ्या व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर प्रचारात आले आणि आता बहुतेक नव्या गाड्यांत तेच असतात.

निरनिराळे धातू एकमेकांस जोडून लवणयुक्त पाण्यात ठेवल्यास त्यांचा विद्युत् घट तयार होतो. अधिक क्रियाशील धातू धनाग्र बनून विरघळतो, तर कमी क्रियाशील धातूच्या पृष्ठावर पाण्यातील ऑक्सिजनाचे क्षपण होते. एकाच धातूच्या दोन भागांतही असा घट निर्माण होऊ शकतो. उदा., गाळाखाली झाकलेल्या जागी ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि ती जागा धनाग्र बनून खोल खड्डा पडतो. घटातून वाहणारा प्रवाह पाण्याच्या विद्युत् संवाहकतेवर अवलंबून असतो आणि संवाहकता विरघळलेल्या लवणांच्या प्रमाणात वाढते. म्हणून पाण्याची प्रत हा संक्षारणाचा वेग ठरविणारा एक प्रमुख घटक ठरतो.

पाण्यातील घटकांचे परिणाम : (१) ऑक्सिजन : हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५° से. तापमानास दर लिटरला सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो. मालमोटारीच्या प्रणालीत २० लि. पाणी मावते असे मानले, तर एकदा भरलेल्या पाण्याबरोबर सु. १६० मिग्रॅ. ऑक्सिजन आत जातो. हा सर्व ऑक्सिजन लोखंडाचा तांबडा गंज होण्यात खर्ची पडला, तरी ०·४ ग्रॅ.पेक्षा कमी लोखंड गंजेल. त्यानंतर बंदिस्त प्रणालीतील गंजणे मंदावते. ताजे पाणी वारंवार घातले किंवा पंपाच्या झिजलेल्या मोहरेतून हवा आत ओढली जात असली, तर मात्र ऑक्सिजनाचा पुरवठा अखंड चालू राहतो.

(२) कार्बन डाय-ऑक्साइड व पीएच मूल्य : पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून ते किंचित अम्लीय बनते व त्याचे पीएच मूल्य सु. ५·६ असते. मातीतून झिरपताना त्यात आणखी कार्बन डाय-ऑक्साइड मिसळतो. चुन्याची संयुगे न लाभलेले असे मृदू पाणी लोखंडावर संरक्षक पुट धरू देत नाही आणि डाखातील शिसेही अल्प प्रमाणात विरघळविते. ॲल्युमिनियमावरील ऑक्साइडाचा पातळ थर सु. ४ ते ८·५ पीएच मूल्याच्या दरम्यान टिकतो. अम्लता किंवा क्षारीयता त्यापलीकडे गेल्यास योग्य निरोधक नसताना तो विरघळू लागतो.

(३) कठिनता : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांमुळे आलेली कठिनता तापविल्यावर नाहीशी होते, याचे कारण ती कार्बोनेटांच्या रूपाने धातूवर बसते. कॅल्शियम कार्बोनेटाची विद्राव्यता तापमानाबरोबर घटत असल्याने हे पुट सर्वांत तप्त जागी, म्हणजे सिलिंडर शीर्षात निष्कास झडपांजवळ, प्रथम धरते. पातळ पुट धातूचे काही अंशी संरक्षण करते, परंतु जाड पुट उष्णतेस अडविते. उष्णता अडविण्याच्या बाबतीत १ मिमी. जाडीचे पुट कित्येक सेंटिमीटर जाडीच्या बिडाइतके असते. त्यामुळे पाणी भरपूर असूनही शीर्षाला तडा जाणे, गास्केट जळणे हे प्रकार घडतात.

(४) क्लोराइडे व सल्फेटे : क्लोराइडाचा आयन लहान व चपळ असतो. धातूवरील संरक्षक ऑक्साइडाच्या थरातील दुबळ्या जागी तो शिरकाव करतो व तेथे खड्डा पडतो. खड्ड्याच्या आत द्राव अम्लीय होत जातो आणि त्यामुळे क्रिया स्वतःच वेग घेते. पाण्यात क्लोराइड, बायकार्बोनेट व अल्पसे तांबे एकत्र असल्यास ॲल्युमिनियमावर खड्डे पडण्याचा धोका विशेष असतो. विरघळलेले तांबे ॲल्युमिनियमावर कणरूपाने बसते व प्रत्येक कण एक सूक्ष्म विद्युत् घट बनतो. सल्फेटांमुळे संवाहकता वाढते व कॅल्शियमाबरोबर त्यांची कठीण, उकळूनही न जाणारी पुटे बनतात.

(५) अमोनिया व आलंबित द्रव्ये : सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातील अमोनियामुळे ताणाखाली असलेल्या पितळेस तडे जाऊ शकतात. गाळ नळ्यांच्या खालच्या टोकांत साठतो व त्याखाली खड्डे पडतात.

धातूंनुसार लक्षणे : बीड व पोलाद गंजल्यास पाणी तांबूस तपकिरी होते. मृदू व क्लोराइडयुक्त पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र, ठिसूळ नळी उरते. तिचा आकार कायम राहत असल्याने ती फुटेपर्यंत दोष लक्षात येत नाही. डाख झिजल्यास नळ्यांच्या तोंडांशी पांढरट राखाडी फुगवटे येऊन वाट अरुंद होते. ॲल्युमिनियमाच्या नळीच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. म्हणून एकूण धातू फारसा गेलेला नसतानाही एकाच खड्ड्याने रेडिएटर निकामी होतो. जुन्या पितळी रेडिएटरला डाख देऊन तो पुन्हा वापरता येई. ॲल्युमिनियमाच्या रेडिएटरची तशी दुरुस्ती कठीण असते व बहुधा संपूर्ण गाभाच बदलावा लागतो. पाण्याच्या निवडीतील हयगय त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते.

महाड व पोलादपूर परिसरातील पाणी : सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर व महाडवरून वाहत जाते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. महाडजवळ तिला काळ व गांधारी या नद्या मिळतात. या प्रदेशात वर्षाला ३,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खडक मुख्यतः बेसाल्ट असून उंच पठारांवर जांभा आढळतो.

या रचनेमुळे पाण्याचे चार प्रकार संभवतात. जांभ्याच्या पठारांखालून व घाटाच्या कड्यांतून निघणारे झरे हा पहिला प्रकार होय. हे पाणी जमिनीत अल्पकाळ राहिलेले असल्याने मृदू, अल्प लवणांचे व किंचित अम्लीय असते. दुसरा प्रकार बेसाल्टातील विहिरी व विंधन विहिरींचा असून त्यांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे असतात आणि पाणी जितके अधिक काळ खडकात राहील तितके त्यांचे प्रमाण वाढते. तिसरा प्रकार सावित्रीच्या भरतीच्या पट्ट्यातील पाण्याचा आहे. महाड हे पूर्वी खाडीमार्गाने गलबते येणारे बंदर होते, यावरूनच भरतीचा प्रभाव किती आत पोहोचतो हे ध्यानात येते. पावसाळ्यात नदीच्या लोंढ्यापुढे खारे पाणी मागे हटते, तर उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण झाल्यावर ते वर सरकते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सु. १९ ग्रॅ. क्लोराइड असते. त्याचा शंभरावा भाग जरी गोड्या पाण्यात मिसळला, तरी क्लोराइडाचे प्रमाण दर लिटरला सु. १९० मिग्रॅ.ने वाढते. एवढा खारटपणा जिभेस क्वचितच जाणवतो.

चौथा प्रकार उन्हाळ्यांचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा आहे. कोकण किनाऱ्याला समांतर अशा पट्ट्यात असे अनेक झरे असून महाडजवळ सव येथील झरे त्यांपैकीच होत. या पट्ट्यातील झऱ्यांचे पाणी सामान्यतः सोडियम व कॅल्शियम यांच्या क्लोराइडांनी युक्त असते. स्नानास ते उपयुक्त मानले जात असले, तरी रेडिएटरमध्ये ते घालणे हानिकारक होय. याखेरीज महाड औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखाने आहेत. रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्यात प्रक्रियेनंतरही विरघळलेली लवणे राहू शकतात, म्हणून अशा क्षेत्राच्या खालच्या अंगाचे नदीचे पाणी परीक्षणाशिवाय शीतनासाठी वापरू नये.

घाट व ऋतू : मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. १७, सध्याचा क्र. ६६) महाड व पोलादपूरवरून जाऊन कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला व महाडहून वरंधा घाटाने भोरकडे रस्ते जातात. आंबेनळीच्या रस्त्याने सु. ४० किमी. अंतरात सु. १,३०० मी. चढावे लागते. अशा चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने व पूर्ण शक्तीने चालते. समोरून येणारी हवा कमी मिळते व उष्णता मात्र सर्वांत अधिक निर्माण होते. कशेडी घाटाला पर्याय म्हणून काढलेल्या बोगद्यातून २०२३ पासून वाहतूक सुरू झाल्याने महामार्गावरील हा ताण पुष्कळ कमी झाला. अन्य दोन घाटांचे चढ मात्र कायम आहेत.

घाटाच्या पायथ्याशी किंवा वळणावरील झऱ्याशी थांबून रेडिएटरमध्ये पाणी भरणे ही मालमोटारींच्या चालकांची जुनी रीत होय. पावसाळ्यात व हिवाळ्यात हे पाणी मृदू असते. मार्चनंतर झरे आटतात. विपुल पावसाच्या या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांनाही उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. त्या दिवसांत चालकास विंधन विहिरीचे कठीण किंवा खाडीलगतच्या विहिरीचे मचूळ पाणी मिळण्याची शक्यता वाढते. अशा रीतीने हवा सर्वांत उष्ण, पाण्याची तूट सर्वांत अधिक आणि उपलब्ध पाण्याची प्रत सर्वांत हीन या तिन्ही गोष्टी एकाच ऋतूत जुळून येतात.

पूरक पाण्याचा संचयी परिणाम : प्रणाली प्रथम भरताना घातलेल्या पाण्यापेक्षा नंतर रोज घातले जाणारे पूरक पाणी अधिक महत्त्वाचे असते. वर उल्लेखिलेल्या २० लि. धारणेच्या प्रणालीत रोज २ लि. पाणी वाफ होऊन जाते व तितकेच पुन्हा भरले जाते असे समजू. वाफेबरोबर लवणे जात नाहीत. भरलेल्या पाण्यात दर लिटरला १०० मिग्रॅ. क्लोराइड असल्यास रोज २०० मिग्रॅ. क्लोराइड आत राहते, म्हणजे प्रत्येक लिटरमागे १० मिग्रॅ. वाढ होते. ३० दिवसांनी मूळच्या १०० मिग्रॅ.चे ४०० मिग्रॅ. झालेले असतात. त्याच पाण्याची कठिनता दर लिटरला २०० मिग्रॅ. असल्यास ३०० दिवसांत १२० ग्रॅ. कठिनताकारक द्रव्य आत जाते. त्याचा बराच भाग तप्त पृष्ठांवर पुटाच्या रूपाने बसतो. रोजच्या २ लि. पाण्याबरोबर येणारा ऑक्सिजनही ३०० दिवसांत सु. ११ ग्रॅ. लोखंड गंजविण्यास पुरेसा असतो.

पाणी वाफेने न जाता गळतीने जात असल्यास लवणांची तीव्रता भरलेल्या पाण्यापेक्षा वाढत नाही. परंतु निरोधक द्रव्ये गळतीबरोबर निघून जातात व त्यांची जागा निव्वळ पाणी घेते. दोन्ही प्रकारांत मूळ दोष दूर न करता पाणी घालत राहणे हेच संक्षारणाचे मुख्य कारण ठरते. सुस्थितीतील बंदिस्त प्रणालीला कित्येक महिने पूरक पाणी लागू नये.

संक्षारण निरोधक व शीतक : लोखंडासाठी पूर्वी क्रोमेटे वापरीत, परंतु त्यांच्या विषारीपणामुळे मोटारगाड्यांतील त्यांचा वापर बंद झाला. पाण्यात मिसळणारे तेल घालण्याचीही पद्धत होती, पण त्याने रबरी नळ्या फुगत. त्यांची जागा बोरेटे, नायट्राइटे, सिलिकेटे, फॉस्फेटे व मॉलिब्डेटे यांच्या मिश्रणांनी घेतली. तांबे व पितळ यांसाठी बेंझोट्रायाझोल वर्गातील संयुगे वापरतात. अलीकडे कार्बनी अम्लांच्या लवणांवर आधारलेले दीर्घायुषी शीतक प्रचारात आले आहेत. हे निरोधक सामान्यतः एथिलीन ग्लायकॉलाबरोबर मिळतात. कोकणात पाणी गोठण्याचा प्रश्न नसला, तरी ग्लायकॉलामुळे उकळबिंदू वाढतो. समभाग पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण वातावरणीय दाबास सु. १०७° से. तापमानाला उकळते. हवेच्या सान्निध्यात दीर्घकाळ तापल्यास ग्लायकॉलाचे ऑक्सिडीभवन होऊन अम्ले बनतात. त्यामुळे निरोधक संपलेला जुना शीतक साध्या पाण्यापेक्षाही घातक ठरू शकतो.

निरोधक घातला म्हणून पाणी कोणतेही चालेल असे मात्र नाही. फॉस्फेटे कठीण पाण्यातील कॅल्शियमाशी संयोग पावून त्यांचा गाळ होतो, म्हणजे निरोधक निष्फळ होतो व नळ्याही तुंबतात. कठीण पाण्याच्या यूरोपातील निर्मात्यांनी याच कारणाने फॉस्फेटे टाळली, तर मृदू पाण्याच्या जपानात फॉस्फेटयुक्त व सिलिकेटविरहित शीतक रूढ झाले. भिन्न प्रकारचे शीतक एकमेकांत मिसळल्यास त्यांचा जेलीसारखा साका होऊ शकतो. शीतकाचा रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. त्यावरून रासायनिक प्रकार निश्चित होत नाही.

शीतकांच्या परीक्षेची एक रूढ अमेरिकन पद्धत या दृष्टीने बोलकी आहे. तीत क्लोराइड, सल्फेट व बायकार्बोनेट यांचे प्रत्येकी दशलक्षात १०० भाग असलेले पाणी मुद्दाम तयार करतात. त्यात शीतक मिसळून तांबे, डाख, पितळ, पोलाद, बीड व ओतीव ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या ८८° से. तापमानास ३३६ तास ठेवतात व हवेचे बुडबुडे सोडीत राहतात. नंतर प्रत्येक पट्टीच्या वजनातील घट मोजतात. म्हणजे प्रत्येक घटक दर लिटरला १०० मिग्रॅ. असलेले पाणी हे ‘संक्षारक पाण्याचा’ नमुना मानले जाते.

पाण्याची निवड : भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला क्लोराइड २५० मिग्रॅ.पर्यंत व कठिनता २०० मिग्रॅ.पर्यंत ग्राह्य धरली जाते. अन्य स्रोत नसल्यास या मर्यादा अनुक्रमे १,००० व ६०० मिग्रॅ.पर्यंत शिथिल होतात. याउलट जड वाहनांच्या शीतन प्रणालीसाठी सर्वसाधारणपणे मान्य मर्यादा दर लिटरला क्लोराइड ४० मिग्रॅ., सल्फेट १०० मिग्रॅ., कठिनता १७० मिग्रॅ. व एकूण विरघळलेली द्रव्ये ३४० मिग्रॅ. अशा असून पीएच मूल्य ५·५ ते ९ असावे लागते. मनुष्यास निर्धोक असलेले पाणी रेडिएटरला अयोग्य असू शकते, हे या आकड्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

ऊर्ध्वपातित किंवा खनिजविरहित पाणी योग्य प्रमाणात निरोधकासह वापरणे हा सर्वोत्तम पर्याय होय. ते न मिळाल्यास कोकणातील पर्जन्यजल हा चांगला पर्याय आहे. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी गाळून झाकून ठेवल्यास ते वर्षभर पुरू शकते. घाटातील झऱ्याचे मृदू पाणीही निरोधकासह चालते. मात्र या तिन्ही प्रकारांचे पाणी निरोधकाशिवाय वापरल्यास लोखंड व डाख यांना ते मारक असते. त्यांच्यात पुट न धरण्याचा गुण असतो, गंज रोखण्याचा नसतो.

पाणी उकळून गार केल्यास केवळ अस्थायी कठिनता जाते, क्लोराइडे तशीच राहतात. घरगुती मृदुकारक यंत्रात कॅल्शियमाच्या जागी सोडियम येते व क्लोराइडे कमी होत नाहीत. तुरटी फिरवून निवळलेल्या पाण्यात सल्फेटाची भर पडते, तर विहिरीत विरंजक चूर्ण टाकल्यानंतर लगेच काढलेल्या पाण्यात क्लोरीन व क्लोराइड यांचे प्रमाण वाढलेले असते. व्युत्क्रमी तर्षणावर चालणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे शुद्ध पाणी उपयोगी पडते. त्यातून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र लवणे एकवटलेली असल्याने ते रेडिएटरमध्ये कधीही घालू नये.

परीक्षण : साबणाचा फेस किती सहज येतो यावरून कठिनतेचा अंदाज येतो. पाण्यात नायट्रिक अम्लाचे थेंब घालून सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव टाकल्यास क्लोराइडामुळे पांढरा साका पडतो. पीएच कागद व खिशात मावणारा संवाहकतामापक यांनी कार्यशाळेतही प्राथमिक परीक्षा करता येते. रेडिएटरमधील जुने पाणीही तपासावे. तांबूस रंग, करडा गाळ, हिरवट निळे डाग किंवा घटलेले पीएच मूल्य दिसल्यास प्रणाली धुऊन शीतक बदलणे आवश्यक असते.

निगा व सुरक्षितता : शीतक निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलणे, झाकणाची झडप, रबरी नळ्या व पंपाची मोहर तपासणे आणि पूरक पाण्याची नोंद ठेवणे ही निगेची मुख्य अंगे होत. पाणी नेहमीपेक्षा अधिक लागू लागले, तर ती गळतीची किंवा गास्केट जळाल्याची पहिली सूचना समजावी. घाटात एंजिन तापल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ते निवू द्यावे. तप्त रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकदम उतरून १००° से.पेक्षा अधिक तापलेले पाणी क्षणात उकळते व अंगावर उसळते. रिकाम्या तप्त एंजिनात थंड पाणी ओतल्यास बिडाला तडा जाऊ शकतो. अरुंद घाटरस्त्यावर बंद पडलेली एक जड गाडी दोन्ही दिशांची वाहतूक अडवून धरते व रुग्णवाहिकेलाही वाट उरत नाही. त्यामुळे रेडिएटरची निगा हा एकट्या वाहनमालकाच्या लाभहानीचा प्रश्न राहत नाही.

बाह्य संक्षारण व विल्हेवाट : संक्षारण बाहेरूनही होते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेने पंखिका पोखरल्या जातात. जुलै २०२१ मधील महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले व असंख्य वाहने बुडाली. अशा वाहनांच्या पंखिकांमध्ये बसलेला बारीक चिखल ओलावा व लवणे धरून ठेवतो. तो लवकर व कमी दाबाच्या गोड्या पाण्याने धुऊन न काढल्यास नळ्या बाहेरून कुजतात.

काढून टाकलेल्या शीतकात ग्लायकॉलाबरोबर शिसे, तांबे इ. धातू विरघळलेले असतात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असून ते पिऊन जनावरे दगावतात. घाटातील झरा अनेकदा खालच्या वाडीचा पिण्याच्या पाण्याचा आधार असतो. म्हणून त्याच्या काठी रेडिएटर रिकामा करू नये. जुना शीतक बंद डब्यात साठवून तो योग्य विल्हेवाटीसाठी कार्यशाळेकडे सोपवावा.